लहानपणीचं ऑपरेशन आणि ‘तपासणी’ : आंतरलिंगी माणसाला त्याचा उलगडा करताना साथ कशी द्यावी?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात वारंवार येणारा प्रश्न मांडतो. कोणा एका माणसाची गोष्ट नाही, म्हणून गाव-नाव देत नाही.

जन्मतः शरीर ठरीव बाई किंवा ठरीव पुरुष अशा साच्यात न बसणारी, म्हणजे आंतरलिंगी माणसं. वय वीस ते पस्तीस. लहानपणी नागपूरले नेऊन एक-दोन, कधी चार ऑपरेशनं झालेली. घरी सांगितलं ‘हर्निया होता’, नाही तं ‘लघवीची जागा नीट केली’. मग वर्षानुवर्षं तपासण्या. खोलीत आठ-दहा जण, अंगावर कपडा नाही, एखादा फोटो काढून राहिला. त्यात भर म्हणजे शरीर वेगळं आहे हे कळल्यावर नात्यातल्या किंवा वसतिगृहातल्या कोणी ‘दाखव बरं’ म्हणत केलेला अत्याचार. मोठेपणी हे दोन्ही एकमेकांत गुंतून बसतं. स्पिरिटचा वास आला की हातपाय गार पडतात, लग्नाचा विषय निघाला की झोप उडते.

कागद कुठं भेटतात? अंगाचं दुखणं कोणतं आणि मनाचं कोणतं हे कसं ओळखायचं? आणि सगळ्यांत अवघड: ‘डॉक्टरनं केलं ते इलाज होता की अत्याचार?’ असं विचारलं तर काय उत्तर द्यावं? तालुक्यात जेवढं होऊ शकते तेवढंच सांगा. दर आठवड्याला नागपूर कोणालाच झेपत नाही.

रेकॉर्डरूम_अकोला

कागदांचं सांगतो. ते मागायचे की नाही हे मात्र त्या माणसालाच ठरवू द्या, कारण एकदा वाचलेलं परत न वाचलेलं होत नाही.

आधी घरची पेटी. पुष्कळ आयांनी डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं जपलेलं असतं. त्यावरचा आंतररुग्ण क्रमांक आणि वर्ष मिळालं की अर्धं काम झालं.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद ३ वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे आहेत. म्हणून खाजगी दवाखान्यात वीस वर्षांपूर्वीचं काही उरलेलं असण्याची आशा कमी. सरकारी आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांत, म्हणजे नागपूरची मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं, वर्ध्याजवळचं सेवाग्राम, तिथं विचारून पाहण्यात अर्थ आहे. रेकॉर्ड विभागातल्या बाबूनं ‘केस पेपर नष्ट झाला’ म्हटलं तरी लगेच परत फिरू नका. ऑपरेशन थिएटरची नोंदवही वेगळी असते आणि पॅथॉलॉजीची त्याहून वेगळी. शरीरातून काढलेला भाग तपासायला पाठवला असेल तर त्याची नोंद पॅथॉलॉजीच्या वहीत होते. नेमकं काय काढलं, हे कधी कधी त्या एका ओळीतूनच कळतं.

नाव सापडत नाही त्याचं नेहमीचं कारण असं, की बाळ बारशाआधी भरती झालेलं असतं. तेव्हा नोंद आईच्या नावानं, ‘बेबी ऑफ’ अशी असते. किंवा तेव्हा मुलीचं नाव होतं आणि आज आधारवर मुलाचं आहे. अशा वेळी जुन्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष घेऊन जा. विभागही विचारून ठेवा: बालशल्यचिकित्सा, युरोलॉजी की स्त्रीरोग.

साध्या अर्जानं काम झालं नाही तर सरकारी ठिकाणी माहिती अधिकार आहेच. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ भरून पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. चूक होते ती मजकुरात. अर्जात शरीराबद्दल एक शब्दही लिहू नका. ‘रुग्ण म्हणून माझ्या अमुक वर्षाच्या आंतररुग्ण कागदपत्रांच्या आणि शस्त्रक्रिया व पॅथॉलॉजी नोंदींच्या प्रती’ एवढं पुरे. आणि उत्तर टपालानं घरी मागवू नका. एकत्र कुटुंबात लिफाफा कोण फोडेल सांगता येत नाही. ‘स्वतः येऊन प्रती घेईन’ असं अर्जातच लिहा.

सिस्टर_चांदा

रेकॉर्डवाले भाऊ, चांगलं सांगितलं. त्याला एक जोडते: लिफाफा एसटी स्टँडवर उघडू नये. जुन्या कागदांवर ‘मेल सूडोहर्माफ्रोडाइट’ (पुरुष, पण खोटा उभयलिंगी), ‘अँबिग्युअस जेनिटॅलिया’ (अस्पष्ट जननेंद्रियं) असे झोंबणारे शब्द असतात, कधी फोटो चिकटवलेला असतो. कक्षात आणावा, समुपदेशकानं आधी वाचावा, फोटो वेगळ्या पाकिटात बंद करावा आणि विचारावं, ‘आज किती ऐकायचं?’

आता कागदावरच्या शब्दांचे अर्थ. ‘गोनाडेक्टॉमी’ किंवा ‘ऑर्किडेक्टॉमी’ म्हणजे बीजग्रंथी (वृषण किंवा अंडाशय) काढल्या. ‘ऑर्किओपेक्सी’ म्हणजे वर राहिलेला वृषण खाली आणून बसवला, काढला नाही. ‘क्लिटोरोप्लास्टी’ म्हणजे शिश्निका (योनीच्या वरचा संवेदनशील अवयव) कापून लहान केली. ‘हायपोस्पेडियस रिपेअर’ म्हणजे लघवीचं छिद्र टोकाकडे आणलं. ‘ईयूए’ म्हणजे भूल देऊन फक्त तपासणी. ‘हर्निया’ हे नेहमी खोटंच असतं असं समजू नका. अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनला शरीर दाद देत नाही अशा मुलींमध्ये जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन करतानाच वृषण सापडतात, आणि घरच्यांना पुढचं न सांगता ‘हर्निया’ एवढंच सांगितलं जातं.

यातला पहिला शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. दोन्ही ग्रंथी काढल्या असतील आणि हार्मोनची गोळी कधी सुरूच केली नसेल, किंवा मध्येच सुटली असेल, तर अंगातून वाफा निघणं, थकवा, उदासी, झोप नसणं, इच्छा मेल्यासारखी वाटणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं त्यानंच होऊ शकतं. हे ‘मनाचं’ म्हणून वर्षभर समुपदेशन करत बसाल तर त्या माणसाचं नुकसान होईल. हार्मोनतज्ज्ञाकडे एकदा तरी पाठवा. हाडांची घनता, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी पाहून घ्या. उलट ग्रंथी आतच राहिल्या असतील तर त्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे कळणं गरजेचं, कारण वाय गुणसूत्र असलेल्या आणि नीट न वाढलेल्या ग्रंथींत गाठीचा धोका जास्त असतो. पूर्ण अँड्रोजेन-असंवेदी शरीरात तो लहानपणी अगदी कमी असतो. म्हणून ‘सगळ्यांच्याच काढा’ हा सल्लाही बरोबर नाही.

मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजाराबद्दल (कागदावर ‘सीएएच’ लिहिलेलं असतं) हात जोडून सांगते. हा आजार असलेली व्यक्ती कधी कधी दवाखान्याच्या धास्तीनं स्टेरॉइडच्या गोळ्या सोडून देते आणि तापात किंवा उलट्या-जुलाबात कोसळते. अंगातलं मीठ वाहून जाणारा प्रकार असेल तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वावरात काम करताना धोका आणखी वाढतो. तापात गोळीचा डोस वाढवावा लागतो, किती ते डॉक्टरकडून आधीच कागदावर लिहून घ्यावं. उलट्या थांबत नसतील, चक्कर येऊन अंग गळत असेल तर थेट दवाखाना: मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन. तिथं खालची तपासणी करण्याची काहीही गरज नसते, हे त्या माणसाला आधी सांगून ठेवा. निम्मी भीती तीच असते.

दुखण्याचं. लघवीची धार बारीक होणं, जोर लावावा लागणं, दुसऱ्याच छिद्रातून गळणं हे दुरुस्तीच्या ऑपरेशननंतर वर्षांनीही होतं. लघवी तपासणी, सोनोग्राफी आणि धार मोजण्याच्या यंत्रानं बरंच कळतं, कपडे काढावे लागत नाहीत. दर महिन्याला पोट दुखतं पण पाळी बाहेर येत नाही, असं असेल तर वाट आकसून रक्त आत साठत असू शकतं, ते थांबवून ठेवायचं नाही. व्रणाची जागा हात लागताच विजेसारखी झोंबणं हे नसेचं दुखणं आहे, त्यावर औषधं आहेत. आणि योनी रुंद करायच्या नळ्या: त्या मोठ्या माणसानं स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या हातानं वापरायच्या. लग्न ठरलं म्हणून सासरच्या किंवा माहेरच्या दबावाखाली सुरू केलं की ओटीपोटाचे स्नायू आणखी आवळतात, दुखणं वाढतं आणि जुनं सगळं वर येतं.

बोरीअरब_पाटील

मला वाटते एकदाचं सगळं बोलून टाकलं की माणूस मोकळा होते. एका बैठकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावा.

मनाचीवाट

पाटील भाऊ, हेतू चांगला आहे तुमचा, पण असं करू नका. सगळं एका दमात काढायला लावलं की माणूस मनानं त्या जुन्या तपासणीच्या खोलीत परत जाऊन पडतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. रात्री घरी एकटा असताना काय होईल याची जबाबदारीही आपल्यावर येते.

पैनगंगाकाठ, तुमच्या कक्षात जमेल असं लिहिते.

पहिल्या तीन-चार भेटींत आठवणींना हात लावायचा नाही. झोप किती, जेवण किती, दारू किती, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारायचं. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं विचारल्यानं विचार पेरला जात नाही. वाटत असेल तर घरात कीटकनाशकाचा डबा कुठं असतो हेही विचारा आणि तो हलवण्याचं ठरवा. आपल्या भागात हा प्रश्न चुकवून चालत नाही. रात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फोनमध्ये साध्या नावानं साठवून द्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण वेळ लिहून द्या.

खोलीची मांडणी बघा. स्पिरिट, हातमोजे, तपासणीचं टेबल, पांढरा कोट नजरेआड करा. माणसाची खुर्ची दाराजवळ. दार आतून लागतं पण कुलूप नाही, हे दाखवा. बाजाराच्या दिवशीची वेळ द्या, म्हणजे तालुक्याला येण्याचं कारण घरी सांगावं लागत नाही. आशाताईंना निरोप द्यायला लावू नका. गाव लहान असते.

आठवण अंगावर आली की शरीर पळायला, भांडायला किंवा थिजायला तयार होतं. लहानपणी हातपाय धरलेले असतात, पळता येत नाही, म्हणून बऱ्याच जणांचं शरीर थिजायला शिकलेलं असतं. समोर बसून एकदम नजर हरवते, आवाज बारीक होतो, बोटं गार पडतात. तेव्हा ‘काय झालं, सांग’ म्हणू नका. पाय जमिनीवर दाबायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, आज वार कोणता ते विचारा. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, असं दहा वेळा. हात लावून धीर देऊ नका. मास्कच्या आठवणीनं श्वासाचा व्यायामच नकोसा वाटतो काहींना, कारण भूल देताना नाकातोंडावर मास्क दाबलेला असतो. मग श्वास सोडून द्या आणि थंड पाण्याचा ग्लास हातात द्या.

हे जमायला लागलं की उलगडा. एका वहीत चार रकाने: मला आठवतं ते, कागदात आहे ते, इतरांनी सांगितलं ते, आणि माहीत नाही ते. चौथा रकाना रिकामा राहिला तरी चालतं, तो कल्पनेनं भरायचा नाही. दोन-तीन वर्षांच्या आतलं शब्दांत आठवत नाही, तरी अंग दचकतं. आठवत नाही म्हणून काही झालंच नाही असं नाही. अंग दचकतं म्हणून अमुकच झालं असंही नाही. म्हणून समुपदेशकानं ‘काकानं केलं असेल का?’ असं कधीही सुचवायचं नाही. भेट ४५ मिनिटांची असेल तर आठवणीवर मधली १५ मिनिटं, शेवटची १५ मिनिटं पूर्णपणे आजच्या गोष्टींवर: घरी जाताना काय घेऊन जायचं, बस किती वाजता. वही कक्षातच कुलपात ठेवा, घरी पाठवू नका.

‘इलाज की अत्याचार?’ याचं उत्तर आपण द्यायचं नाही. चार प्रश्न मांडता येतात. तेव्हा विचारलं होतं का? नको म्हटल्यावर थांबलं का? ते तुमच्या तब्येतीसाठी होतं की बघणाऱ्यांच्या शिकण्यासाठी? नंतर खरं सांगितलं का? डॉक्टरचा हेतू चांगला असू शकतो आणि जखमही खरी असू शकते. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही. इतिहासही सांगा, त्यानं फार आधार मिळतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून ही पद्धत पसरली: दीड-दोन वर्षांच्या आत लिंग ठरवून ऑपरेशन करा आणि मुलापासून गुप्त ठेवा. २००६ साली शिकागोच्या बैठकीतून निघालेल्या तज्ज्ञांच्या निवेदनातच लिहिलं आहे की जननेंद्रियांची पुन्हापुन्हा तपासणी आणि फोटो काढणं हे रुग्णाला खोल लाज देऊ शकतं. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक प्रतिनिधीनं संमतीशिवायच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. ‘मलाच जास्त वाटते’ असं समजणाऱ्या माणसाला हे कळू द्या.

घरातला किंवा वसतिगृहातला अत्याचार मात्र वेगळा ठेवा. तिथं ‘इलाज होता का’ हा प्रश्नच नाही. दोन्हींत गुंता होतो तो असा: दवाखान्यात ‘मोठ्यांनी कपडे काढायला सांगितलं की काढायचे, घरी बोलायचं नाही’ हे शिकवलं गेलं, आणि अत्याचार करणाऱ्यानं त्याच शिकवणीचा फायदा घेतला. हे एकदा शब्दांत मांडलं की ‘मी ओरडलो का नाही’ हा आरोप सैल व्हायला लागतो. त्या वेळी शरीरानं प्रतिसाद दिला असेल, ताठरता किंवा ओलावा आला असेल, तर त्याची लाज सगळ्यांत आत दडलेली असते. भीतीतही स्पर्शाला शरीर प्रतिसाद देतं, त्याचा इच्छेशी संबंध नाही, हे साध्या मराठीत, नजर न चुकवता सांगा.

आणि माय. तिनंच हात धरून नेलेलं असते. ‘तू असं काऊन केलं?’ यानं दार बंद होतं. ‘तेव्हा डॉक्टरनं तुला काय सांगितलं होतं?’ असं विचारलं की बहुतेक वेळा कळतं, तिलाही अर्धंच सांगितलं होतं आणि सही किंवा अंगठा घेतला होता. माफ करायचं की नाही ते त्या माणसाचं. आपण घाई करायची नाही.

गाववकील_वाशीम

मनाचीवाट ताईंनी एक गोष्ट सोडली ती जोडतो, कारण त्यात समुपदेशकही अडकतो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात १८ वर्षांखालचं कोणतंही मूल येतं, मुलगा, मुलगी, आंतरलिंगी असा फरक नाही. गुन्हा माहीत झाल्यावर कळवणं बंधनकारक आहे, आणि पीडित आता मोठा झाला म्हणून सूट असं कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, काही ऐकण्याआधी, सांगा: ‘लहानपणीचा अत्याचार, त्यातही नावानिशी सांगितला, तर मला पुढं कळवावं लागू शकते.’ माणसाला किती सांगायचं हे मग ठरवता येते. अत्याचार करणारा आजही लेकरांच्या जवळ वावरत असेल तर थांबूच नका, चाइल्डलाइनच्या १०९८ वर कळवा. तक्रारीला उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१२ च्या आधीच्या घटनेला जुनी भारतीय दंडसंहिता लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आधी सल्ला घ्यावा.

पोलिसांकडे जायचं ठरलं तर वैद्यकीय तपासणी होईल. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरलिंगी व्यक्तींबद्दल वेगळं लिहिलेलं आहे. योनीत बोटं घालून करतात त्या दोन बोटांच्या चाचणीला बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ ला ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला नाही म्हणता येतं आणि तसं कागदावर नोंदवून घेता येतं. इलाज मोफत द्यायचा आहे, खाजगी दवाखान्यानंही.

ऑपरेशनबद्दल खटला? खोटी आशा देऊ नका. तेव्हा पालकांची संमती घेतलेली असते, ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची, आणि बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांना बंदी घालणारा २०१९ चा आदेश तामिळनाडूचा आहे, मद्रास उच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या निकालानंतर निघालेला. महाराष्ट्राला तो लागत नाही. मात्र ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय नियतकालिकात छापायला डॉक्टरांना मनाई आहे, त्याबद्दल तक्रार करता येते.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. कक्षातून दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतो तेव्हा बाहेरच्या रांगेतच सगळं पहिल्यापासून सांगावं लागते, आणि माणूस तिथूनच परत जाते. याला काही उपाय?

सिस्टर_चांदा

चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, त्या माणसासमोर बसून, त्याच्याच शब्दांत लिहा. घडी घालून पाकिटात. ती केसपेपर काढणाऱ्याच्या हाती द्यायची नाही, थेट डॉक्टरच्या हाती. मजकूर असा ठेवा:

‘माझ्या शरीराची जन्मतः वेगळी घडण आहे आणि लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या आहेत. जुन्या कागदांचा सारांश सोबत आहे. आज मी फक्त लघवीच्या त्रासासाठी आलो आहे. कपडे काढून तपासणी गरजेची असेल तर कारण आधी सांगा. विद्यार्थी नकोत, फोटो नको. सोबतची व्यक्ती खोलीत राहील. मी हात वर केला की थांबा.’

‘आज कशासाठी’ ती ओळ दर वेळी बदलायची, ‘आलो’ की ‘आले’ हे त्या माणसाला विचारून लिहायचं. गोळ्यांची नावं आणि डोस मागच्या बाजूला, सीएएच असेल तर ते लाल शाईनं. दोन प्रती करा, एक पाकिटात, एक तुमच्या कक्षात.